उधाणाची तार

मित्रांनो, रस्त्याने एखादा जड मालट्रक जाताना दिसला, की तुमचं लक्ष त्याच्या रंगीत फळ्यांकडे जातं, भोंग्याकडे जातं, मागे लिहिलेल्या गमतीदार ओळीकडे जातं. त्याच्या पोटाखाली कुणी वाकून बघत नाही. बघावं असं तिथे काही नसतंच म्हणा. चिखल, ग्रीस आणि काळोख. त्या काळोखात, मागच्या आसाच्या जरा वर, मुठीएवढा धातूचा एक जुना तुकडा चेसिसला घट्ट बसलेला असतो. त्याला एक लहानसा हात असतो आणि त्या हाताला धरून एक दांडी खाली आसापर्यंत गेलेली असते. तो तुकडा म्हणजे मी. कंपनीच्या कागदावर माझं नाव लेव्हलिंग व्हॉल्व्ह. आमच्या पेणच्या गॅरेजांत मला नुसतं ‘लेव्हल वॉल’ म्हणतात, आणि मला तेच आवडतं.

माझं काम सांगतो. पूर्वीच्या गाड्यांना लोखंडी पाटे असत. माझ्या गाडीला मागे पाट्यांऐवजी रबराचे हवा भरलेले फुगे आहेत. ड्रायव्हर त्यांना बलून म्हणतात. गाडीवर ओझं चढलं, की ती खाली बसते, दांडी माझा हात वर ढकलते, मी फुग्यांत हवा सोडतो आणि गाडी उठते. ओझं उतरलं, की गाडी वर उचलली जाते, माझा हात खाली ओढला जातो, मी जास्तीची हवा बाहेर टाकतो आणि गाडी पुन्हा आपल्या जागी येते. गाडी ठरल्या उंचीवर आली, की माझा हात आडवा होतो आणि मी गप्प बसतो. फार उंच नाही, फार खाली नाही. ही उंची राहिली तरच फुग्याला दबायलाही जागा मिळते आणि फुगायलाही. तरच खड्ड्याचा दणका वरच्या मालापर्यंत पोहोचत नाही.

माझा जन्म घाटावरच्या एका कारखान्यात झाला. वितळलेला रस साच्यात ओतला, थंड झाल्यावर भोकं पाडली, आत रबरी कड्या बसवल्या. शेवटी ऋतिका नावाच्या एका मुलीने मला पाण्यात बुडवून हवा लावली. माझा हात वर केला तेव्हा एका तोंडातून हवा गेली, खाली केला तेव्हा दुसऱ्या तोंडातून आली. हात मधोमध आणला, तेव्हा एकही बुडबुडा उठला नाही. ती शेजारणीला म्हणाली, “हा बघ गं, कसा शहाण्यासारखा गप्प बसलाय!” आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

नशिबाने मी ज्या गाडीवर बसलो, ती पेणच्या खाली खारेपाटातल्या एका गावात आली. एका बाजूला भाताची शेतं, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि दोघांच्या मध्ये मातीचा लांबच लांब बांध. गाडीचा मालक हिरामण. त्याच्या बापाचा जन्म मिठागरात मीठ ओढण्यात गेला, हिरामणने स्टिअरिंग धरलं. घरात त्याची बायको कमळ आणि धाकटा भाऊ मितेश. गाडी दारात आली तेव्हा कमळने तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं. मग तिने साडी सावरून चक्क खाली वाकून बघितलं.

“अवं, हे खाली काय लटकलंय?” तिने विचारलं.

“तो लेव्हल वॉल. गाडीचा तोल त्याच्या हातात,” हिरामण म्हणाला.

“मग त्याला पन लावते कुंकू.” आणि तिने लावलं. मित्रांनो, लेव्हल वॉलला कुंकू लागल्याचं मी तरी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

हिरामण गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. कीर्तनाला उभे राहायचे धर्माजी बुवा. अंगाने काटकुळे, पण आवाज असा, की माळावर उभ्या गाडीखाली बसून मला शब्द न् शब्द ऐकू यायचा. कीर्तनाआधी हिरामण पखवाजाला कणीक लावून आवाज जुळवायचा. थोडी जास्त झाली की खरवडायचा, थोडी कमी पडली की लावायचा. त्याच बोटांनी त्याने माझी दांडी जुळवली होती. म्हणून असेल, गाडी अशी चालायची की कमळ म्हणायची, “कडेवर पोर घेतल्यासारखी चालते हो आपली गाडी.” आम्ही काचा नेल्या, औषधाच्या बाटल्या नेल्या. श्रावणात पेणच्या कारखान्यांतले गणपती नेले, आणि एकाही बाप्पाची सोंड कधी दुखावली नाही. माल उतरवून घेणारे हिरामणची पाठ थोपटायचे. हिरामण खाली वाकून माझ्यावरचा चिखल बोटाने पुसायचा. मला तेवढं पुरे होतं.

मग एका वर्षी बांध फुटला. खारेपाटात त्याला ‘खांड गेली’ म्हणतात. खांड गेली की खाडी थेट शेतात शिरते. लोकांनी अर्ज केले, माणसं आली, बघून गेली. खांड तशीच राहिली. तेव्हापासून दर पौर्णिमेला आणि अमावास्येला, भर दुपारी उधाण आलं, की गावाचा रस्ता मांडीभर खाऱ्या पाण्याखाली जायचा. ट्रकच्या बॅटरीच्या पेटीत पाणी शिरायचं आणि गाडी मध्येच मान टाकायची.

यावर हिरामणनेच एक युक्ती काढली. माझ्या हाताची दांडी सोडायची आणि हात वर करून तारेने बांधून ठेवायचा. हात वर म्हणजे मला वाटणार, गाडी खाली बसली आहे. मी हवा सोडत राहणार, फुगे तट्ट फुगणार, आणि गाडी टाचा उंचावून उभी राहणार. तेवढी चार बोटं मिळाली, की पेटी पाण्याच्या वर राहायची. पलीकडे गेलं, की हिरामण तार सोडून दांडी पुन्हा लावायचा. हळूहळू गावातले सगळेच गाडीवाले ‘उधाणाची तार’ जवळ बाळगू लागले. कुणाच्या डॅशबोर्डावर देवाची तसबीर आणि तिच्या मागे गुंडाळलेली तार.

पुढे हिरामणच्या कमरेने दगा दिला. त्याने गाडी मितेशच्या हातात दिली आणि तारेची युक्तीही शिकवली. मितेश वाईट नव्हता. हसरा होता, धाडसी होता, कुणाचंही काम अडू द्यायचा नाही. “मितेशची गाडी पाण्यात पाय भिजवत न्हाय,” असं गाव कौतुकाने म्हणायचं. पण पंधरा दिवसांनी पुन्हा बांधायचीच आहे, तर दर वेळी कशाला सोडा, असं म्हणून एकदा त्याने तार तशीच राहू दिली. मग ती राहिलीच. माझी दांडी एका बाजूला लोंबकळत राहिली आणि वाकली.

मित्रांनो, हात वर बांधून उभं राहण्याची शिक्षा तुमच्यापैकी कुणी भोगली असेल, तर माझे ते दिवस तुम्हाला कळतील. पाणी नसलं तरी मी फुग्यांत हवा सोडत होतो. ओझं नसलं तरी सोडत होतो. फुगे दगडासारखे झाले. गाडी उंच दिसायची, रुबाबदार दिसायची, आणि प्रत्येक खड्डा तिच्या हाडात शिरायचा. एकदा काचा तडकल्या, मितेशने पॅकिंगला दोष दिला. वाकून कुणी बघितलं नाही.

आणि मग देवीला आणायचा दिवस आला.

गावदेवीचं देऊळ नवीन बांधलं होतं. काळ्या पाषाणाची मूर्ती घाटावरच्या एका मूर्तिकाराकडे घडत होती, आणि तिच्याबरोबर देवळाच्या पायऱ्या आणि खांबही तिथूनच यायचे होते. एवढा दगड आणायचा तर आमचीच गाडी. गणपती सांभाळून नेणारी गाडी म्हणून गावाने मान दिला. हिरामणने तर सप्ताहाच्या पहिल्या दिवशी पखवाज बाजूला ठेवून हात जोडले, “आई, तुझ्या अंगाला खरचटा न पडता तुला घरी आनीन.” खंडित मूर्ती पुजत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. तडा एवढासा का असेना, तो गेला की मूर्ती पाण्यात सोडायची आणि देऊळ रिकामं. सगळ्या गावाचा जीव त्या एका दगडात अडकला होता.

आमच्याकडे देवी आणणं म्हणजे माहेरवाशीण आणणं. तिला आणायला बाईमाणूसच जावं लागतं. म्हणून कमळ ओटीचं सामान घेऊन बरोबर आली. मूर्ती लाकडी पेटीत, पेंढ्यात निजवली होती आणि पायाशी वेगळ्या दगडातून घडवलेला तिचा वाघ ठेवला होता. देवीचं मुख कोऱ्या लाल कापडाने बांधलेलं होतं. प्रतिष्ठेच्या वेळी देवळातच ती गाठ सुटायची; तोवर तिचं तोंड कुणी बघायचं नाही, त्याला हात लावायचा नाही. कमळ मागे हौद्यात पेटीला टेकून बसली. मितेशने गाडी चालू केली, शेजारी हिरामण.

मुहूर्त माघी पौर्णिमेच्या मध्यान्हीचा होता. पंचांग बघणाऱ्याने भरती बघितली नव्हती, आणि भरती जाणणाऱ्या गावाने तोंड उघडलं नव्हतं. का उघडेल? मितेशची गाडी होती ना!

घाट उतरलो, पेण मागे टाकलं, तोवर रस्ता गुळगुळीत होता. खारेपाटाच्या फाट्याला वळलो आणि पहिल्याच मोरीवर मागचं चाक आपटलं. एरवी असा दणका फुगे गिळून टाकतात. पण तट्ट फुगलेला फुगा आणखी काय गिळणार? गाडी उडाली आणि खाली आली. त्या क्षणी वरून, पेटीतून, एक आवाज चेसिसमधून माझ्यापर्यंत आला.

टक्.

कमळ किंचाळली, “थांबवा! थांबवा गाडी!”

जवळच वजनकाट्याचं फरसबंद आवार होतं. मितेशने गाडी तिथे घेतली. हिरामण उतरला तो कंबर धरूनच, पण वर चढताना त्याला कंबर आठवली नाही.

“काय वाजलं?”

“पेटीतच वाजलं,” कमळ म्हणाली.

“उघडून बघू,” मितेश म्हणाला.

“उघडून काय बघतंस? तिचं तोंड बघायचं न्हाय!” हिरामण ओरडला.

मग कमळने पदर खोचला. “तुमी दोघं तिकडं बघा,” ती म्हणाली. पेटीची एक फळी सैल करून तिने पेंढ्यात हात घातला. सुईण जशी डोळे मिटून पोट चाचपते, तशी ती चाचपत होती. “मुकुट… हाय. खांदे हायत. हात, एक, दुसरा… बांगड्या पन लागतात हाताला. कंबर. पाय.” मग तिचा हात थांबला. बाहेर आला तेव्हा तिच्या मुठीत दगडाचा एक तुकडा होता. नखांसकट वाघाचा पंजा.

तिने तो आपल्या ओच्यात घेतला, लेकराचा पाय घ्यावा तसा.

“देवीचं तोंड?” हिरामणने विचारलं.

“तोंडाला कसा हात लावू? गाठ हाय वर.”

म्हणजे अंग शाबूत होतं, वाघ गेला होता, आणि मुखाचं कुणालाच कळत नव्हतं. गावापर्यंतचा खराब रस्ता तर अजून पुढेच होता.

हिरामण खाली उतरला आणि इतक्या दिवसांनी वाकला. माझी आणि त्याची नजरभेट झाली म्हणू का? त्याने तार बघितली. गंजून माझ्या हातात रुतली होती. वाकडी दांडी बघितली. फुगा दाबून बघितला, तो दबला नाही.

“मितेश, ही तार कवाची?”

“दादूस, उधाण हाय ना आज. म्हनून…”

“आजची तार अशी गंजते?”

मितेश चाकावरचा चिखल बोटाने काढू लागला.

“मी विचारतंय, कवाची?”

“दिवाळीच्या आधीपासून,” मितेश हळूच म्हणाला.

हिरामणने हात उगारला. कमळ वरून म्हणाली, “तिच्या समोर नको.” तो हात हवेतच राहिला. मग हिरामण चाकापाशी खाली बसला. “तुला काय मारू? तार बांधायला मीच शिकवली. सोडायला न्हाय शिकवली.”

तेवढ्यात फोन वाजला. देवळाच्या कमिटीचा हितेश होता. फोनमधून टाळांचा आवाज येत होता. “हिरामणदादा, कुठं हाव? पानी चढाया लागलंय. निघा लवकर, तार आवळा आनि या!”

हिरामणने फोन कानापासून लांब धरला. मितेश त्याच्या समोर उकिडवा बसला. “दादूस, ऐक. इथून पान्यापर्यंत तार सोडून जाऊ. पान्यापुरती बांधू. पार झालो की सोडू. मुहूर्त पन गाठू.”

“आनि खड्डे कुठं हायत? समदे त्या पान्याखालीच हायत. दिसनार पन न्हायत. तिथंच गाडी दगड करायची?”

“आनि तार न बांधता गेलो तर मधीच बंद पडंल. देवी उधाणात उभी राहंल. गाव काय म्हनंल?”

मित्रांनो, दोघांचंही खरं होतं. उंच जावं तर मूर्ती फुटणार, बेताने जावं तर गाडी बुडणार. तिसरा मार्ग एकच होता आणि तो कुणाला नको होता. थांबायचं. ओहोटी लागेपर्यंत थांबायचं आणि मुहूर्त जाऊ द्यायचा.

हिरामणने फोन पुन्हा कानाला लावला. “हितेश, बुवांना दे.”

धर्माजी बुवांचा आवाज आला. कीर्तनात घसा बसला होता. “बोल रे.”

“बुवा, वाघाचा पंजा गेला.”

पलीकडे टाळ वाजत होते. बुवांनी विचारलं, “आई?”

“अंग शाबूत हाय. तोंडाचं कळत न्हाय. आता पान्यातनं आनली तर ऱ्हानार न्हाय, बुवा. ओहोटीपर्यंत मी हलत न्हाय.”

मागून हितेश ओरडत होता, “असं कसं? चार गावचे पावने जेवाया आलेत! त्यांना काय सांगू, आमच्या डायवरानं वाघ मारला?”

बुवा हिरामणला म्हणाले, “मुहूर्त माझ्या हातात न्हाय, बाबा. कीर्तन हाय. मी उभा राहतो. तू तिला सांभाळून आन.”

फोन ठेवल्यावर हिरामण उठला. आवारातले लाकडी ओंडके आणून त्याने चेसिसखाली रचले, चाकांना दगड लावले. हवेच्या भरवशावर गाडीखाली कुणी जाऊ नये, हा त्याचा नेम. मग तो आणि मितेश दोघं पाठीवर सरकत माझ्यापाशी आले. मितेशने पक्कड लावली. तार तुटताना माझा हात इतका दुखला, की मला वाटलं, तोही तारेबरोबर जातो. पण गेला नाही. तो खाली आला आणि माझ्यातून हवा सुटली. फुस्स करून सुटत राहिली. इतके महिने कोंडलेला श्वास होता तो. वर कमळ पेटीला धरून बसली होती. तिला गाडी खाली, खाली येताना जाणवली. “आई गो,” ती म्हणाली, “ती पन बसली बघा.”

दांडी त्यांनी ठोकून सरळ केली. मग उंची जुळवणं. हिरामण म्हणाला, “आसाच्या मध्यापासून चेसिसपर्यंत एक वीत आनि चार बोटं. लाव हात.”

मितेशने वीत लावली.

“तुजी न्हाय. तुजी वीत राक्षसाची. माजी.” एवढ्या दुःखातही मितेशला हसू फुटलं, आणि लगेच ते रडण्यात गेलं. हिरामणने त्याच्याकडे बघितलं नाही. तो दांडीचा नट थोडा फिरवायचा आणि थांबायचा. मी हवा आत घ्यायचो, गाडी उठायची. तो मोजायचा, पुन्हा फिरवायचा. घाई केली तर मला काही कळत नाही. हवा आत जायला आणि ओझं सावरायला वेळ लागतो. हिरामणला ते ठाऊक होतं. पखवाजाची कणीक लावणारा माणूस होता तो. शेवटी त्याची चार बोटं बरोबर त्या फटीत बसली. माझा हात आडवा झाला. मी गप्प बसलो. किती दिवसांनी गप्प बसलो!

“आता फुगा दाब,” हिरामण म्हणाला. मितेशने दाबला. फुगा दबला आणि परत आला.

मध्यान्ह झाली. त्या घटकेला तिघंही उभी राहिली आणि त्यांनी पेटीला हात जोडले. मुहूर्त गेला. दूर खाडीचं पाणी रस्त्यावर चढून चकाकत होतं.

उन्हं कलल्यावर पाणी ओसरलं. मितेश गाडी हाकत नव्हता, तो गाडीला वाट विचारत होता. खड्डा आला की चाक खाली जायचं, मी थोडी हवा द्यायचो, थोडी घ्यायचो, आणि वर पेंढ्याची काडी हलायची नाही. चिखल, शेवाळ, तुटलेलं डांबर, सगळं आम्ही ओलांडलं. गावात पोहोचलो तेव्हा मांडव अर्धा रिकामा होता, पत्रावळी वाऱ्याने उडत होत्या. पण बुवा उभे होते. आवाज पार गेला होता. नुसते ओठ हलत होते आणि टाळकरी ते ओठ बघून टाळ वाजवत होते.

भटजींनी सांगितलं, पुढचा मुहूर्त चैत्रात. तोवर देवीला धान्यात निजवायचं. घरटी एकेक सूप तांदूळ आला आणि देवी त्या राशीत, तोंडावरची गाठ तशीच ठेवून निजली. मोडलेला वाघ मितेशने ओहोटीच्या वेळी छातीशी धरून खाडीत नेला आणि सोडला. परत आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि माझ्या चाकाला टेकून बसला.

ते दोन महिने वाईट गेले. देवीच्या अंगावर तांदळाची रास होती, आणि गावाच्या मनावर एकच प्रश्न. पारावर हितेश म्हणायचा, “वाघ तर दिसला. आता तोंड सोडल्यावर कळंल, मितेशनं आनखी काय मोडलंय.” मितेश ऐकायचा आणि मान खाली घालून जायचा. भजनाला बसेनासा झाला. पण दर पौर्णिमेला पाणी ओलांडून आला, की आधी गाडीखाली शिरायचा, तार सोडायचा, दांडी लावायचा, वीत मोजायचा. मगच घरी जेवायला.

चैत्रातल्या त्या सकाळी गाडी देवळासमोरच उभी होती. या वेळी मुहूर्त काढण्याआधी बुवांनी भरतीची वेळ विचारून घेतली होती! सगळं गाव आत गेलं. मितेश आत गेला नाही. माझ्या शेजारी, मागच्या चाकाच्या सावलीत बसून राहिला. आतून मंत्र ऐकू येत होते. मग ते थांबले. गाठ सुटत असणार. मित्रांनो, मी गप्प बसण्यात आयुष्य घालवलं आहे, पण तसली शांतता मी कधी ऐकली नव्हती. मितेशने माझी दांडी हातात धरली होती.

मग एकदम टाळ वाजले. पखवाज वाजला. मितेश हलला नाही. आरती तर काय, तोंड कसंही निघालं तरी व्हायचीच, असं त्याला वाटलं असेल.

कमळ बाहेर आली. अनवाणीच, धावत. गाडीजवळ येऊन ती वाकली.

“भावजी, उठा. नाक, डोळे, ओठ, समदं जागेवर हाय.”

“वैनी, खरं?”

“देवीच्या दारात खोटं बोलेन काय मी?”

मितेशने तोंड पुसलं, पण उठला नाही. “आनि वाघाची जागा?”

“ती रिकामी हाय,” कमळ म्हणाली. “ती पन येऊन बघा.”

तो उठला. पायऱ्यांपाशी क्षणभर थांबला आणि आत गेला.

मित्रांनो, खांड अजून बुजलेली नाही. ती बुजेल तेव्हा बुजेल. तोवर उधाण येणार, आणि कधीमधी तार बांधावी लागणार. अडल्या वेळी बांधलेल्या तारेवर माझा राग नाही. पण तुमच्याही घरात बघा. कुणाला तरी एकदा अडचणीपुरतं म्हणून टाचा उंचावून उभं केलेलं असतं. आई असेल, थोरली बहीण असेल, घरातलं एखादं यंत्र असेल. ते कुरकुरत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं, त्याला असंच उभं राहायची सवय आहे. सवय नसते, मित्रांनो. आतून ते दगड होत असतं. मग एक दिवस एक लहानसा खड्डा येतो.

तेव्हा वाकून बघत जा. आणि पाणी ओसरलं, की तार सोडत जा.